नारळाच्या भावानं गेलेल्या गोष्टी

“खोटं! साफ खोटं! बसा हो, खाली बसा!”

असं ओरडणारा मीच होतो. लोणावळ्याच्या शाळेतल्या मोठ्या वर्गात म्हादबा सुताराची शोकसभा चालली होती. म्हादबानं जन्मात फोटो काढून घेतला नव्हता, म्हणून हेडमास्तरांनी फळ्यावर खडूनं ‘कै. म्हादबा सुतार, कथालेखक’ असं वळणदार अक्षरात लिहून त्या फळ्यालाच हार घातला होता. आणि त्या हाराशेजारी उभं राहून, पुण्याहून सेकंड क्लासनं आलेले एक संपादक डोळ्यांना रुमाल लावत म्हणत होते, “म्हादबांनी एका पैचीही अपेक्षा न ठेवता शारदेची सेवा केली!” माझा आवाज खाणावळीत घडलेला आहे. चुलीपासून मारलेली हाक परसातल्या विहिरीत उतरलेल्या माणसाला ऐकू जावी लागते. त्या दिवशी तो राजमाचीवर ऐकू गेला, तिथली गुरं चरायची थांबली असं सांगणारी माणसं आहेत, आणि मी त्यांना नाही म्हणत नाही. कुणी तरी माझं धोतर मागून ओढलं. हेडमास्तरांनी शांततेसाठी शाळेची घंटा बडवली, तर मैदानात खेळणारी पोरं सुट्टी झाली समजून घरी पळाली. “अण्णा, अहो शोकसभा आहे ही!” हेडमास्तर कळवळले. मी म्हटलं, “ठाऊक आहे. म्हादबा असता तर गप्प बसला असता. तो नाही, म्हणून मला ओरडावं लागतंय.”

पुढच्या सतरंजीवर म्हादबाची बायको सगुणाबाई डोईवरून पदर घेऊन बसली होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या संपादकांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीती म्हणून नव्हे. पण छापील नाव ही जाहिरात असते, आणि फुकट जाहिरात कशाला करायची? त्यांनी दर विचारला तर सांगेन. मासिकाचंही नाव लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, कारण हा माणूस दाराशी आला की आधी पोट आत येतं, मग ‘शारदा’ हा शब्द आत येतो, आणि मग तो स्वतः. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. सरकारनं काही तो किताब दिलेला नाही. त्यांनी तो स्वतःच घेतला, आणि तोही फुकट.

म्हादबाची नि माझी ओळख एका दारामुळं झाली. वलवणचं धरण भरून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, मुंबईच्या शेठ लोकांना आमच्या हवेचा नाद लागला होता, आणि जिकडं तिकडं बंगले उठत होते. माझ्या खाणावळीचं दार दर पावसाळ्यात असं फुगायचं, की आत जेवायला बसलेलं गिऱ्हाईक थेट दसऱ्यालाच बाहेर पडायचं. एका बंगल्यावर खिडक्या करायला आलेल्या, मूळच्या कार्ल्याच्या पण वलवणला बिऱ्हाड केलेल्या एका सुताराला बोलावलं. काटकुळा, काळा, कानावर पेन्सिल. त्यानं दार उतरवलं, आडवं घातलं, आणि रंधा मारता मारता शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आचाऱ्याला एक गोष्ट सांगायला लागला. एका म्हातारीची. तिचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. दर पेरणीला ती मूठभर भात पदरात बांधून पाण्याच्या कडेला येते, आपलं शेत कुठं असेल त्याचा अंदाज घेते, आणि तेवढ्याच जागेवर पाण्यात भात फेकते… एवढीच गोष्ट. पण ती तो अशी सांगत होता, की आचारी डाव हातात धरून उभा राहिला, मी आचाऱ्याला शिव्या द्यायला आलो तो मीही उभा राहिलो, आणि आत आमटी जळून कोळसा झाली. त्या आमटीचा वास माझ्या खाणावळीच्या तुळयांना अजून येतो. खोटं वाटत असेल त्यानं येऊन हुंगावं. येताना जेवणाचे पैसे आणावेत.

“हे लिहून काढ,” मी म्हटलं.

“लिवलंय की,” म्हादबा म्हणाला.

कुठं, तर फळीवर! चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस, कागद महाग म्हणून रंधलेल्या फळीवर सुतारी पेन्सिलीनं गोष्ट लिहायचा, खाडाखोड झाली की रंध्याचा एक हात मारायचा, आणि सगळी मनासारखी जमली की मग कागदावर उतरवायचा. फळ्या अर्थातच वाया घालवायच्या नसत. एका शेठच्या बंगल्यात लोणच्याच्या बरण्या आजही एका मराठी कथेवर उभ्या आहेत. शेठनं त्या फळीचे पैसे दिले. मोजताना रडला, पण दिले.

म्हातारीची गोष्ट मीच टपालानं रावसाहेबांच्या मासिकाला धाडली. ती छापून आली आणि पुण्यात म्हणे चर्चा झाली. मोठमोठे लोक विचारू लागले, हा सुतार कोण? रावसाहेबांनी त्याला कचेरीत बोलावून घेतलं. मीही गेलो, म्हादबाला पुण्यातले बोळ सापडणार नाहीत हे निमित्त होतं, आणि पैसे मिळतील तेव्हा आपण जवळ असावं हे कारण होतं. रावसाहेबांनी उठून म्हादबाला मिठी मारली. त्याच्या खांद्यावर उपरणं घातलं. हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. आम्ही वाट पाहत बसलो. रावसाहेबही बसले. मग रावसाहेब म्हणाले, “बरंय मग, पुढची गोष्ट लवकर पाठवा. आपलंच मासिक आहे.”

परतीच्या गाडीत म्हादबानं नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. “पाणी हाय,” म्हणाला.

तिथून ती रीतच पडली. एक गोष्ट, एक नारळ. उपरणं दर वर्षी एकदाच, कारण कापड महाग. म्हादबाच्या घरी तिघं-चौघं खाणारी. नारळ खाऊन खाऊन खाणार किती? तो माझ्याकडं यायचा. “अण्णा, गोष्ट आलीय,” म्हणायचा आणि नारळ फडताळावर ठेवायचा. मी बाजारभावानं त्याला पैसे द्यायचो आणि नारळ आमटीत घालायचो. म्हणजे मराठी कथेचा भाव त्या काळात लोणावळ्याच्या बाजारात ठरत असे आणि तो ठरवणारा मी होतो. कोकणात नारळ उदंड आले की मराठी कथा स्वस्त होई. पुण्यातले रसिक ज्या गोष्टींवर भाषणं करत, त्या गोष्टी माझ्या गिऱ्हाइकांनी भाताबरोबर ओरपल्या आहेत, आणि एकानंही कधी शैलीविषयी तक्रार केली नाही.

याच्यावरची मजा पुढंच आहे. म्हादबा मावळातला माणूस. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही शिकवण. सुगी झाली की तो भावाकडून पोतंभर आंबेमोहोर घ्यायचा आणि रावसाहेबांच्या घरी पोचवायचा. दर वर्षी! म्हणजे लेखकानं संपादकाला गोष्टीही द्यायच्या आणि भातही घालायचा. रावसाहेबांच्या पत्नी, वहिनीसाहेब, तांदूळ चांगला सडून आणा म्हणून निरोपही पाठवत. मी म्हादबाला म्हटलं, “अरे गाढवा, तू लेखक आहेस की रावसाहेबांचं कूळ?”

“लोक मोठी हायती, अण्णा.”

“पोटावरून म्हणतोस का?”

तो हसला. पण ती गोष्ट त्याला लागली असावी. कारण थोड्याच दिवसांनी आम्ही पुन्हा पुण्याला गेलो होतो, तेव्हा या न बोलणाऱ्या माणसानं तोंड उघडलं. कचेरीत त्या दिवशी खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांना पगार वाटत होते. म्हादबानं ते पाहिलं आणि म्हणाला, “रावसाब, खिळं जुळवनाऱ्याला पैसं मिळत्यात. काय जुळवायचं ते सांगनाऱ्याला न्हाई व्हय?”

रावसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते तात्त्विक होत. “म्हादबा, तो मजूर आहे. आपण उपासक आहोत. साहित्य ही पूजा आहे, पूजेचे कुणी पैसे घेतं का?”

“मग अंक इकता कशाला?” म्हादबानं विचारलं. “प्रसाद म्हनून वाटा की.”

कंपोझिटर खाली मान घालून हसले. रावसाहेबांनी चष्मा परत घातला आणि खर्च मोजायला लागले. कागद, शाई, टाचण्या, टपाल, जागेचं भाडं… सगळ्या जगाचे पैसे चुकवल्यावर म्हणे शिल्लक काही उरतच नाही. उरत नाही तर रावसाहेबांचं पोट कशावर वाढलं? टाचण्या खाऊन? पण हे मी विचारण्याआधीच म्हादबानं माझा हात धरून मला बाहेर काढलं.

गाडी खडकीला पोचेपर्यंत म्हादबा खिडकीच्या चौकटीचे सांधे चाचपत होता. मग आपल्या बापाची हकिगत सांगायला लागला. त्याचा बाप गावचा सुतार, बलुतेदार. वर्षभर सगळ्यांचे नांगर, कुळव, पाभरी नीट करायच्या, आणि त्याचं बलुतं सुगीत घ्यायचं. भात झोडून खळ्यात रास पडली की बलुतेदारानं जायचं. “मागायचं न्हाई,” म्हादबा म्हणाला. “मागतो त्यो भिकारी. आपलं पोतं खळ्यात पसरायचं आन् गप बसायचं. बलुत्याचं माप पडल्याबिगार रास खळ्यातनं हालत न्हाई.” एकदा एका बड्या शेतकऱ्यानं टाळाटाळ केली. बाप पोतं पसरून बसला. गाडी जुंपलेली तशीच, बैल तसेच, गडी हात बांधून उभे. बलुतेदाराचं पोतं ओलांडायला कुणी तयार होईना. शेवटी शेतकऱ्याची म्हातारी आई घरातून ओरडत आली, “अरं मुडद्या, फुडल्या साली नांगर दातानं वढनार हाईस का?” आणि तिनं स्वतः माप घालून दिलं.

“मग?” मी म्हटलं.

“मग काय न्हाई. दिवाळीचा अंक कवा निगतो, अण्णा?”

दिवाळीचा अंक बांधून व्हायचा तो दिवस म्हणजे मासिकाची सुगी. कचेरीत अंकांचे गठ्ठे रचलेले, बाहेर हातगाड्या उभ्या, मधोमध पहिल्या अंकाला हळदकुंकू वाहिलेलं, रावसाहेब पेढे वाटताहेत. त्या अंकात म्हादबाची गोष्ट पहिल्या पानावर होती. तेवढ्यात दारातून म्हादबा शिरला. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला मुंडासं, बगलेत पोतं. मी त्याच्या मागं.

रावसाहेबांचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला. “अहो, ऐकलं का!” त्यांनी वर जिन्याकडं हाक मारली, कारण वर घर आणि खाली कचेरी असा तो संसार होता. “म्हादबा आंबेमोहोर घेऊन आले! पिंप रिकामं करा!” वहिनीसाहेब पिंप घेऊन जिन्यावरून खालीसुद्धा आल्या. म्हादबानं रावसाहेबांना रामराम केला, वहिनीसाहेबांना रामराम केला, बगलेतलं पोतं झटकलं, कचेरीच्या उंबऱ्यावर आडवं पसरलं आणि त्याच्यापाशी मांडी घालून बसला.

“रिकामं कसं?” वहिनीसाहेब म्हणाल्या.

म्हादबानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

“विसरलात वाटतं भरायला!” रावसाहेब हसले. एकटेच हसले. कारण हातगाड्या ओढायला आलेले हमाल सगळे मावळ-मुळशीकडचे होते, आणि त्यांनी ते पोतं पाहिलं होतं. खांद्यावर गठ्ठे घेतलेले चौघं उंबऱ्यापाशी आले, थबकले, आणि गठ्ठे खाली ठेवून उभे राहिले. रावसाहेब ओरडले, “थांबलात का? स्टेशनवर गाडी गाठायची आहे!” त्यांच्यातला म्हातारा हमाल म्हणाला, “रावसाब, सुतार बलुत्याला बसलाय.”

“बलुत्याला? माझ्या कचेरीत? मी काय शेतकरी आहे?”

“ते तुमचं तुमी बघा. पोतं वलांडायचं न्हाई आमी.”

मग जे झालं त्याला लोक तमाशा म्हणतात, मी न्यायनिवाडा म्हणतो. रावसाहेबांनी आवाज चढवला. म्हादबा पोत्याची सुरकुती सारखी करत बसला. रावसाहेबांनी शारदेचं नाव घेतलं, लोकमान्यांचं घेतलं, पोलिसांचं घेतलं. म्हादबानं एकदाही मान वर केली नाही. रस्त्यावर गर्दी जमली. समोरच्या माडीवरच्या बाया कठड्याला आल्या. गर्दी इतकी, की तिकडं शनिवारवाड्यापर्यंत टांगे अडले असं मला एका टांगेवाल्यानं सांगितलं, आणि टांगेवाले खोटं बोलत नाहीत. मी अधूनमधून लोकांना समजावून सांगत होतो, त्यामुळं ती थोडी वाढली असेल. शेवटी रावसाहेबांचा तोल गेला. म्हादबाला पैसे म्हणून देणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी अंकांचा एक अख्खा गठ्ठा उचलला, पोत्यात आदळला आणि किंचाळले, “घे! घे तुझं बलुतं! आणि परत या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस!”

म्हादबा उठला. पोत्याचं तोंड दोरीनं बांधलं. त्यानं पोतं पाठीवर घेतल्याबरोबर हमालांनी आपले गठ्ठे उचलले.

ते अंक आम्ही लोणावळ्यात विकले. मी खाणावळीत, जेवणावर सुपारी द्यावी तसे. म्हादबानं ज्या ज्या बंगल्यात खिडकी बसवली होती त्या त्या बंगल्यात. छापील किमतीच्या निम्म्यानं. आठवडाभरात एक शिल्लक राहिला नाही. आमच्या गावात त्या मासिकाचा जो एजंट होता, त्याचा मात्र एकही अंक खपला नाही. त्या पैशांतून म्हादबानं सगुणाबाईला हिरवं लुगडं घेतलं. गोष्टीचं लुगडं झालेलं मी आयुष्यात एवढंच पाहिलं. त्या संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, “वाढा अण्णा. आज पैसं देऊन जेवनार.” मी पैसे घेतले. नाही घेतले असते तर त्यानं पुन्हा माझं दार दुरुस्त केलं नसतं.

एजंटाची तक्रार पुण्याला पोचली आणि मग या उपासकांचं खरं रूप दिसलं. रावसाहेबांनी म्हादबाच्या गोष्टी बंद केल्या, हे एक वेळ समजू शकतं. पण त्यांनी बाकीच्या सगळ्या संपादकांनाही सांगितलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एकमेकांच्या अंकाला रद्दी म्हणणारे हे लोक या एका बाबतीत पाठच्या भावंडांसारखे एक झाले. म्हादबानं कुठंही गोष्ट धाडली की ती परत यायची. ‘हा पोतं घेऊन येतो’ एवढंच त्याच्याविषयी बोललं जायचं. त्याची गोष्ट कशी आहे, हे कुणी उघडून पाहीना. ज्यांनी पुढं येऊन बोलायचं ते बाकीचे लेखकही नारळ घेत राहिले. एकानं मला पुण्यात गाठून सांगितलं, “अण्णा, म्हादबांचं म्हणणं खरं आहे हो, पण पद्धत चुकली.” मी विचारलं, तुमची पद्धत काय आहे? म्हणाला, “मी आतून नाराज असतो.” असल्या आतल्या नाराजीवर रावसाहेबांनी दोन मजली घर बांधलं.

म्हादबा लिहीत राहिला. आता तो कागदावर उतरवत नसे, फळीवरच लिहायचा, मला वाचून दाखवायचा आणि रंधा मारायचा. डोळ्यांदेखत एक गोष्ट रंध्याच्या ढलप्या होऊन जमिनीवर पडताना पाहणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी दोनदा त्याचा हात धरला. तो म्हणायचा, “ऱ्हाऊ द्या अण्णा, फळी बंगल्यावर द्यायचीय.” … अशा किती गेल्या ते मला माहीत नाही, आणि त्याचा हिशेब मी रावसाहेबांकडं मागणार आहे, या जन्मी किंवा पुढच्या.

मध्ये बरीच वर्षं गेली. दुसरी लढाई आली, कागदावर नियंत्रण आलं, आणि रावसाहेब हवा पालटायला लोणावळ्यात आले. आले ते थेट म्हादबाकडं. मला वाटलं, म्हातारपणी उपरती झाली. तसं काही नव्हतं. त्यांना कचेरीसाठी एक मोठं लिहायचं टेबल करून हवं होतं, आणि मावळात म्हादबासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हादबानं सागवानी टेबल केलं. त्याच्या कडेला अशी गोलाई दिली, की कोपर टेकलं की लिहावंसंच वाटावं. रावसाहेबांनी घासाघीस केली, चष्मा काढला नाही, आणि रोख पैसे मोजून टेबल नेलं. टेबलाची पूजा नसते ना!

“अण्णा,” म्हादबा त्या दिवशी म्हणाला, “ज्या टेबलावर बसून गोष्टी फुकट घ्यायचं ठरतं, त्या टेबलाचं पैसं मला मिळालं बगा.” आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. तो ठसका पुढं थांबलाच नाही. मला आपलं वाटतं, तो भुस्सा त्या टेबलाचा होता. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. डॉक्टरांना टेबलाचं काय माहीत?

शेवटच्या आठवड्यात मी वलवणला त्याच्या घरी गेलो होतो. तो भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्यानं स्वतः केलेली फणसाच्या लाकडाची पेटी, आणि पेटीवर ते पोतं, नीट घडी घालून. आता दाणे भरायलाही ते कुणी वापरत नसे. तो म्हणाला, एक गोष्ट झालीय, आणि ती रंधली नाही. कागदावर उतरवलीय, पेटीत आहे. मी विचारलं, कशाची? तर नुसता हसला. सगुणाबाई त्याला पेज भरवत होती. तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, “बाकीच्या गेल्या त्या गेल्या. ही फुकट जाऊ देऊ नगं.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि त्याच्या ओठांवरची पेज पुसली.

चार-पाच दिवसांनी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. दार न अडकता एका झटक्यात उघडलं, आणि समोर उभ्या असलेल्या त्याच्या भावाला काही सांगावंच लागलं नाही.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत तुम्ही हे वाचताय, तिच्या संपादकांनी मला हा लेख मागितला तेव्हा मी आधी पैसे मागितले. ते म्हणाले, “अण्णा, मित्राच्या मृत्युलेखाचेसुद्धा?” मी म्हटलं, “मित्राच्याच मृत्युलेखाचे.” मनीऑर्डर आली, मग मी दौत उघडली. ते पैसे कुठं गेले ते विचारू नका; खाणावळीत नाही गेले. आणि हे ज्यांना बरं वाटलं नाही त्यांनी खुशाल म्हणावं, की अण्णानं मैत्री विकली. मी विकली. निदान नारळावर तरी नाही घालवली.

तर ती शोकसभा. माझं ओरडणं संपल्यावर रावसाहेब जरासुद्धा रागावले नाहीत. तेच तर त्यांचं कसब. हात उंचावून म्हणाले, “मित्राचं दुःख आहे, आपण समजून घेऊ या.” लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी जाहीर केलं की मासिकाचा एक खास म्हादबा स्मृति-अंक निघणार, त्यात मान्यवरांचे लेख येणार, आणि म्हादबांची अखेरची, अप्रकाशित गोष्ट त्या अंकाचं भूषण ठरणार. पेटीतल्या गोष्टीविषयी त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. खाणावळीत मी कधी मोठ्यानं बोललो असेन. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! ज्या माणसाची गोष्ट इतकी वर्षं कुणी उघडून पाहिली नाही, त्याच्या मरणानंतर त्याच्या गोष्टीला टाळ्या.

सभा सुटल्यावर ते हेडमास्तरांना घेऊन वलवणकडं निघाले. मी मागोमाग गेलोच. सगुणाबाई आमच्या आधी घरी पोचली होती आणि उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. माणूस गेला म्हणून चूल थांबत नाही. रावसाहेबांना दारात वाकावं लागलं, कारण म्हादबानं आयुष्यभर लोकांची दारं उंच केली आणि स्वतःचं तेवढं बुटकं ठेवलं. आत कोपऱ्यात पेटी होती. पेटीवर पोतं, तशीच घडी. रावसाहेबांची नजर पेटीवर गेली, पोत्यावर अडली, आणि परत आली.

“वहिनी,” ते आवाज ओला करून म्हणाले, “म्हादबा आमचे होते. त्यांची शेवटची गोष्ट आमच्याच अंकात यायला हवी. शारदेच्या पायी हे त्यांचं अखेरचं फूल.” आणि त्यांनी पिशवीतून उपरणं काढलं. त्यावर नारळ ठेवला. दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. हेडमास्तरांनी डोळे पुसले. मी तोंड उघडणार होतो, पण तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मी ते मिटलं. माझं तोंड मिटवणारं माणूस मावळात तेवढं एकच.

सुपातला एक खडा तिनं वेचला, दाराबाहेर टाकला. नारळाला हात लावला नाही.

“नारळ अण्णांच्या खानावळीत द्या,” ती म्हणाली. “त्याचा भाव त्यांस्नी ठावं हाय.”

रावसाहेब तसेच वाकलेले, हात पुढं केलेले. “आणि… गोष्ट?”

“तिचा तुमी अजून सांगितला न्हाई.”